नव्या इमारतीत ईव्ही चार्जिंगचा नियम पाळायचा कसा? नकाशापासून ताब्यापर्यंत

पार्किंगच्या नकाशावर वीस चौकोन हिरवे रंगवले, शेजारी 'ईव्ही' असं लिहिलं, की नियम पाळून झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. मंजुरीही मिळून जाते. पुढे इमारत उभी राहते, लोक राहायला येतात, दोन-तीन वर्षांत पाच-सात जण इलेक्ट्रिक गाडी घेतात आणि मग शोधाशोध सुरू होते. त्या हिरव्या चौकोनांपर्यंत पाइप गेलेला नसतो, मीटर रूममध्ये एक पॅनल मावेल एवढी भिंत रिकामी नसते आणि वीज कंपनी म्हणते, वाढीव भार हवा असेल तर नवा ट्रान्सफॉर्मर लागेल.

जगभरातले बहुतेक स्थानिक नियम चार्जिंगचे पॉइंट मोजतात. राहणाऱ्याला मात्र एवढंच हवं असतं की रात्री गाडी लावली तर सकाळी कामापुरती भरलेली असावी. या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे, आणि ते भरून काढायची संधी बांधकाम चालू असतानाच असते. हा लेख त्यामुळे मुख्यतः आर्किटेक्ट, बिल्डर आणि इलेक्ट्रिकल सल्लागारांसाठी आहे. घर घेणाऱ्यांनाही बुकिंगच्या वेळी कोणते प्रश्न विचारायचे ते यातून मिळेल.

पायरी १: कोणाकोणाचा नियम लागतो ते शोधा

एकाच इमारतीला एकाच वेळी तीन-चार जणांचे नियम लागू असतात, आणि ते एकमेकांशी बोलून केलेले असतील अशी अपेक्षा ठेवू नका.

भारताचं उदाहरण घ्या. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधी २०१६ मध्ये सुधारणा केली आणि पार्किंगच्या एकूण क्षमतेच्या २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय सुचवली. पण 'आदर्श' म्हणजे नमुना. जमीन आणि बांधकाम हा राज्यांचा विषय, म्हणून राज्याने किंवा शहराने तो नमुना आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत उतरवला, तरच तो तुमच्या प्रकल्पावर बंधनकारक. उतरवताना टक्का बदललेला असू शकतो, व्याख्याही.

इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथे १५ जून २०२२ पासून देशपातळीवरच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये 'भाग एस' आला. पार्किंगची जागा असलेल्या प्रत्येक नव्या घरामागे किमान ७ किलोवॅटचा एक पॉइंट द्यावा लागतो. लंडनमध्ये त्यावर २०२१ चा लंडन प्लॅन आहे: निवासी पार्किंगपैकी २० टक्के जागांवर चालू चार्जर आणि उरलेल्या सगळ्या जागांवर पुढे बसवता येईल अशी तयारी. म्हणजे नियोजन खातं एक प्रश्न विचारणार, बांधकाम तपासणारं खातं दुसरा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची 'कॅलग्रीन' संहिता राज्यभराची किमान पातळी ठरवते आणि शहरं त्याहून कडक नियम करू शकतात. युरोपीय संघ निर्देश काढतो, कायदा प्रत्येक देश स्वतःचा करतो.

म्हणून पहिल्या दिवशी एक साधा तक्ता करा. एका रकान्यात देशाचा किंवा राज्याचा बांधकाम नियम, दुसऱ्यात शहराचा पार्किंगचा नियम, तिसऱ्यात वीज कंपनीच्या अटी, चौथ्यात अग्निशमन विभागाचं म्हणणं. प्रत्येक ओळीत जो कडक, तो पाळायचा. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि नेमकी ना-हरकत तिथेच अडकते.

तारीखही लिहून ठेवा. नियम लागू कधी झाला हे कळलं तरी पुरत नाही. तुमच्यासाठी अर्जाची तारीख धरायची, मंजुरीची की काम सुरू झाल्याची, हे संक्रमणाच्या तरतुदीत असतं. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पूर्वी अर्ज केलेल्यांना सूट मिळाली, पण १५ जून २०२३ च्या आत काम सुरू झालं असेल तरच. अनेक टप्प्यांच्या प्रकल्पात पहिल्या इमारतीला जुना नियम आणि तिसरीला नवा, असंही होऊ शकतं.

पायरी २: 'तयार' म्हणजे किती तयार?

नियमात तीन पातळ्या येतात. सगळ्यात खालची: मोकळा पाइप किंवा ट्रे आणि पॅनलमध्ये जागा, वायर नाही. इंग्रजी कागदपत्रांत याला 'ईव्ही केपेबल' म्हणतात, युरोपात 'डक्टिंग'. मधली 'ईव्ही रेडी': वायर ओढलेली, ब्रेकर बसवलेला, टोकाला सॉकेट किंवा जंक्शन बॉक्स. वरची पातळी म्हणजे प्रत्यक्ष चार्जर बसवून चालू केलेला.

कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या मूळ संहितेत २० किंवा जास्त घरांच्या इमारतीसाठी या तिन्ही पातळ्या एकत्र होत्या: १० टक्के जागा पहिल्या पातळीच्या, २५ टक्के दुसऱ्या आणि ५ टक्के तिसऱ्या. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशात तीनपेक्षा जास्त पार्किंग असलेल्या नव्या निवासी इमारतीत निम्म्या जागांपर्यंत वायर आणि उरलेल्यांपर्यंत पाइप मागितला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१९ पासून नव्या निवासी इमारतीतल्या पाहुण्यांच्या जागा सोडून प्रत्येक जागेवर वीज आलेला पॉइंट बंधनकारक केला.

हे शब्द एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना अर्थ बदलतात. एकीकडचं 'रेडी' म्हणजे सॉकेटमध्ये वीज, दुसरीकडचं 'रेडी' म्हणजे नुसता पाइप. त्यामुळे टक्केवारीचं पान उघडण्याआधी व्याख्येचं पान वाचा आणि ती व्याख्या शब्दशः टेंडरमध्ये उतरवा. ठेकेदाराला 'ईव्ही रेडी करून द्या' एवढंच सांगितलंत, तर तो त्यातला सगळ्यात स्वस्त अर्थ घेणार. त्याला दोष देता येत नाही.

पायरी ३: जागा मोजा

हे काम सोपं वाटतं, पण इथे चुका होतात. बऱ्याच नियमांत उंबरठा असतो. इंग्लंडमध्ये दहापेक्षा जास्त पार्किंग असलेल्या नव्या अनिवासी इमारतीला एक चार्जर आणि उरलेल्या जागांपैकी दर पाचांत एकीपर्यंत केबलचा मार्ग लागतो. १० जागा असतील तर काहीच नाही. अकरावी जागा वाढवली की एक चार्जर आणि दोन मार्ग. ५१ जागा असतील तर एक चार्जर आणि दहा मार्ग. अपूर्णांक आला तर वरच्या आकड्याकडे जायचं, जोवर नियम वेगळं सांगत नाही.

टक्का कशाचा, हे पाहा. भारताच्या २०१९ च्या नमुन्यात २० टक्के हा वाहनांच्या क्षमतेचा आकडा आहे आणि चार्जरचं प्रमाण वेगळं दिलंय: चारचाकींसाठी दर ३ ईव्हींमागे एक स्लो चार्जर आणि दर १० मागे एक फास्ट, दुचाकींसाठी दर २ मागे एक स्लो. म्हणजे १०० मोटारींच्या पार्किंगमध्ये २० ईव्ही धरल्या, तर ७ स्लो आणि २ फास्ट चार्जर येतात. वीस येत नाहीत. हा फरक न कळल्यामुळे कोणी जास्त खर्च करतं आणि कोणी नियमच मोडतं.

दुचाकी हा वेगळा विषय आहे. मोटारींच्या देशांत लिहिलेले नियम त्यांना विसरतात. स्कूटरची बॅटरी लहान असते आणि साध्या सॉकेटवर ती रात्रीत आरामात भरते, म्हणून तिथे महागडा चार्जर नको. हवेत ती स्वतंत्र ब्रेकर असलेली, पावसापासून झाकलेली आणि कोणाची वीज कोण वापरतंय हे कळेल अशी सॉकेट. ती दिली नाहीत, तर जिन्याखालच्या दिव्याच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड निघणारच.

यांत्रिक किंवा स्टॅक पार्किंग असेल, तर तिथल्या जागा ईव्हीच्या मोजणीत धरण्याआधी पार्किंग यंत्र पुरवणाऱ्याकडून लेखी घ्या. पॅलेट, म्हणजे गाडी उभी राहते तो पाट, वर-खाली सरकतं तेव्हा लोंबणाऱ्या केबलचं काय, आणि बॅटरीच्या वजनामुळे जड झालेली गाडी ते पॅलेट पेलतं का, हे दोन प्रश्न विचारा.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट: कोणत्या जागा? मीटर रूमला लागून असलेल्या वीस जागा निवडल्या की वायर वाचते. पण त्या जागा ठरावीक फ्लॅटना दिल्या असतील आणि गाडी घेणारा दुसऱ्या टोकाला असेल, तर वीसच्या वीस पॉइंटवर पेट्रोलच्या गाड्या उभ्या राहतात. यावर दोनच इलाज मला पटलेत. पहिला, चालू पॉइंट सामायिक जागांवर ठेवायचे. दुसरा, पाइप सगळ्या जागांपर्यंत न्यायचा आणि वायर फक्त नियमापुरती ओढायची. शक्य असेल तर दुसराच करा.

पायरी ४: भार काढा, पण गाडीच्या बाजूने

आधी साधं गणित. सिंगल फेज २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे ३.७ किलोवॅट, ३२ अँपिअर म्हणजे ७.४. थ्री फेजवर तेच ११ आणि २२ होतात.

समजा १०० पार्किंगची इमारत आहे आणि तुम्ही २० जागांवर ७.४ किलोवॅटचे चार्जर दिले. सगळे एकदम चालू धरले तर १४८ किलोवॅट. भारताच्या नमुना उपविधीत सगळे पॉइंट एकाच वेळी चालू धरून त्यावर १.२५ चा सुरक्षा गुणक सांगितलाय, म्हणजे १८५ किलोवॅट. विद्युत मांडणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४, भाग ७-७२२, हेही बजावतं की चार्जिंगच्या सर्किटसाठी 'सगळे एकदम थोडेच लावणार' असं गृहीत धरून भार कमी करू नका, भार नियंत्रण, म्हणजे ठरलेली वीज चार्जरमध्ये वाटून देणारी यंत्रणा, असेल तर गोष्ट वेगळी. गिझर दहा मिनिटांत बंद होतो. मोटार सहा तास पूर्ण करंट ओढत बसते.

आता दुसऱ्या बाजूने मोजू. व्हँकुव्हरच्या शेजारच्या रिचमंड शहराने २०१८ मध्ये निवासी इमारतींतल्या सगळ्या जागांना पॉइंट बंधनकारक केला आणि भार वाटून घेणाऱ्या यंत्रणेला मुभा देताना अट घातली: रात्रीच्या आठ तासांत प्रत्येक जागेला किमान १२ युनिट मिळाले पाहिजेत. साधारण मोटार १०० किलोमीटरला १५ ते २० युनिट खाते, म्हणजे १२ युनिटांत ६० ते ८० किलोमीटर. रोजच्या शहरी फिरण्याला हे पुरून उरतं.

तर १०० जागांना प्रत्येकी १२ युनिट, म्हणजे १,२०० युनिट. आठ तासांत विभागले तर १५० किलोवॅट.

वर २० चार्जरसाठी, गुणक लावण्याआधी, १४८ आले होते. जवळजवळ तेवढ्याच विजेत एकतर वीस जणांना मनमानी मिळते किंवा शंभर जणांना गरजेपुरतं. मधला फरक फक्त भार नियंत्रणाचा. मी सल्ला देतो तेव्हा ग्राहकासमोर आधी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवतो, बाकीचं बोलणं नंतर.

यात एक तांत्रिक खोच आहे. आयईसी ६१८५१ या मानकाप्रमाणे चार्जर गाडीला '६ अँपिअरपर्यंत घे' असं सांगू शकतो, त्याखाली नाही. त्याहून कमी उरलं तर गाडीला थांबवावं लागतं. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. शंभर गाड्या त्या किमान करंटवर एकदम लागल्या तरी १३८ किलोवॅट होतात, १५० मध्ये बसतात. तेच चार्जर थ्री फेज घेतले तर किमान ४.१ किलोवॅट होतं आणि एका वेळी ३६ गाड्याच बसतात. बाकीच्यांना पाळीपाळीने चालवावं लागतं. 'थ्री फेज म्हणजे भारी' असं समजून विक्रेत्याचं ऐकणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून पाहावं. घरच्या पार्किंगमध्ये रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला २२ किलोवॅट देणं म्हणजे बादली भरायला बंब बोलावणं. शिवाय अनेक गाड्यांच्या आतला चार्जर तेवढं घेऊच शकत नाही.

नियंत्रण दोन प्रकारचं. स्थिर प्रकारात चार्जिंगसाठी एक आकडा ठरवून टाकतात, समजा १५० किलोवॅट, आणि चार्जर तो आपसात वाटून घेतात. गतिमान प्रकारात इमारतीच्या मुख्य केबलवर करंट मोजणारी सीटी बसवतात. रात्री अकरानंतर लिफ्ट, पंप, एसी यांचा भार उतरला की मोकळी झालेली वीज गाड्यांकडे वळते. दुसरा प्रकार जास्त कामाचा, पण त्यात एक प्रश्न विचारायलाच हवा: चार्जर आणि नियंत्रक यांच्यातला संपर्क तुटला तर काय होईल? बरोबर उत्तर म्हणजे प्रत्येक चार्जर आपोआप किमान करंटवर उतरेल किंवा थांबेल. 'सगळे पूर्ण करंटवर जातील' असं उत्तर आलं, तर ती यंत्रणा घेऊ नका.

वेळेचंही भान हवं. इंग्लंडमध्ये ३० जून २०२२ पासून घरगुती चार्जरना संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा टाळणारं वेळापत्रक आधीच भरून द्यावं लागतं आणि चार्जिंग सुरू होताना दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंबही ठेवावा लागतो. दहाच्या ठोक्याला सगळ्या वस्तीच्या गाड्या एकदम सुरू झाल्या तर वीजजाळ्याला धक्का बसतो, म्हणून.

पायरी ५: वीज कंपनीकडे लवकर जा

इथे फार सांगण्यासारखं नाही, फक्त उशीर करू नका. पाया खणण्याआधी अर्ज गेला पाहिजे, कारण ट्रान्सफॉर्मरची जागा, तिथपर्यंत ट्रक जाण्याचा रस्ता आणि हवा खेळण्याची सोय हे सगळं स्थापत्य आराखड्यात येतं. पूर्ण भार पहिल्याच दिवशी मागायची गरज नसते. टप्प्याटप्प्याने वाढणारा भार लिहून द्या, पण जागा शेवटच्या टप्प्याची राखून ठेवा.

नियमात खर्चाची मर्यादा आहे का तेही बघा. इंग्लंडच्या नियमात वीजजोडणीचा खर्च प्रत्येक पॉइंटमागे सरासरी ३,६०० पौंडांच्या वर जात असेल, तर पॉइंटांची संख्या कमी करता येते. पण उरलेल्या जागांपर्यंत केबलचा मार्ग द्यावाच लागतो. सवलत घेणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी ही दुसरी ओळ सुटते.

पायरी ६: पाइप, स्लीव्ह आणि ट्रे

सगळा खेळ इथे आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

एका इमारतीत बेसमेंटमध्ये नियमाप्रमाणे पाइप टाकलेले होते. नकाशात होते, बिलात होते. चार वर्षांनी पहिला चार्जर बसवायला गेलो. मीटर रूमच्या भिंतीतून आठ पाइपांची तोंडं बाहेर आलेली दिसत होती. तिसऱ्यात वायर ढकलली, सात-आठ फुटांवर अडली. पाचव्यातही तेच. स्लॅब ओतताना तोंडांना कोणी बुच लावलं नव्हतं, सिमेंटचं पाणी आत उतरून पाइपांतच जमलं होतं. उरलेल्यांत ओढायची जीआय वायर नव्हती आणि कोणता पाइप कोणत्या जागेकडे जातो याची एकही खूण नव्हती. शेवटी बीम टाळून दोन ठिकाणी कोअर कटिंग करून, म्हणजे काँक्रीटला गोल भोकं पाडून, छताखालून नवा ट्रे न्यावा लागला. पाइप टाकताना प्लास्टिकची बुचं लावली असती, तर यातलं काहीच लागलं नसतं.

तेव्हापासून माझ्या यादीत हे पक्कं असतं. प्रत्येक पाइपाला दोन्ही तोंडांना बुच. प्रत्येकात जीआय वायर किंवा नायलॉनची दोरी. दोन्ही टोकांना एकच क्रमांक, रंगाने लिहिलेला, कागदाचा नाही. दोन पुल बॉक्सच्या (वायर ओढण्यासाठी मध्ये ठेवलेल्या डब्यांच्या) मध्ये तीनपेक्षा जास्त काटकोनी वळणं नकोत. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी फोटो, मोजपट्टी दिसेल असा. आणि प्लास्टर झाल्यावर एकदा वायर ओढून दाखवायची, मगच बिल.

बेसमेंटमध्ये शक्य तिथे स्लॅबमधल्या पाइपापेक्षा छताखालचा ट्रे बरा. त्याची निम्मी रुंदी पहिल्या दिवशी रिकामी ठेवा. फक्त तो वातानुकूलनाच्या डक्ट आणि स्प्रिंक्लरच्या पाइपांशी कुठे भिडतो ते आधी जुळवून घ्या, नाहीतर उंच गाडीचं डोकं आपटेल इतका खाली येतो. जिथे ट्रे अग्निरोधक भिंत ओलांडतो तिथे पुढच्या केबल धरून मोठी स्लीव्ह (भिंतीतून केबल नेण्याची नळी) ठेवा आणि रिकामी जागा अग्निरोधक सीलने बंद करा.

पाइप किती जाड? इथे व्होल्टेज ड्रॉप येतो, म्हणजे लांब वायरमध्ये थोडे व्होल्ट वाटेतच गळतात. मीटर रूमपासून ६० मीटरवरच्या जागेला ३२ अँपिअर न्यायचे आहेत आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, तर जाऊन-येऊन १२० मीटर वायरमध्ये सुमारे १२ व्होल्ट गळतात, म्हणजे ५ टक्के. १० चौरस मिलिमीटर घेतली तर ७ व्होल्ट, ३ टक्के. लांबच्या जागांना जाड केबल लागणार, म्हणून पाइपही जाड हवा. एकाच मापाचे पाइप सगळीकडे टाकणं ही सोय ठेकेदाराची. त्यातून, एका ट्रेवर वीस केबल शेजारी-शेजारी रात्रभर पूर्ण भाराने तापतात, म्हणून केबलची क्षमता कमी धरावी लागते. फार लांबचं पार्किंग असेल, तर प्रत्येक जागेला स्वतंत्र केबल नेण्याऐवजी मध्ये एक उपपॅनल किंवा बसबार द्या.

मीटर रूममध्ये अंतिम संख्येचं पॅनल मावेल एवढी भिंत मोकळी ठेवा आणि तिच्यावर 'ईव्ही पॅनलसाठी राखीव' असं रंगवूनच टाका. रिकामी भिंत दिसली की तिथे इंटरनेटवाले, सीसीटीव्हीवाले, इंटरकॉमवाले आपापले डबे ठोकून जातात.

पायरी ७: बिल कोणाच्या नावावर?

घराच्याच मीटरवरून स्वतंत्र केबल खाली आणता आली तर हिशेब सोपा, पण उंच इमारतीत तेवढ्या केबल नेणं अवघड आणि भार नियंत्रणही जमत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चार्जिंगसाठी एक सामायिक जोडणी आणि प्रत्येक पॉइंटला उपमीटर किंवा चार्जरमधलाच मोजमापक. यावर 'सोसायटीने वीज विकायची म्हणजे परवाना नको का' असा प्रश्न येतो. भारतात ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे परवाना लागत नाही. दुसरीकडे असाल तर तिथलं उत्तर लेखी मिळवा.

चार्जर घेताना ते ओसीपीपी या खुल्या संवादपद्धतीवर चालतात का ते पाहा. बंदिस्त यंत्रणा घेतली आणि पुरवठादार बंद पडला, तर भिंतीवर फक्त डबे उरतात.

पायरी ८: सुरक्षा

प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र संरक्षण. नेहमीची घरगुती आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पडणारा स्विच, इथे पुरत नाही. गाडीतून थोडा डीसी करंट गळला तर तिचा गाभा संपृक्त होतो आणि खरा धोका आला तरी ती पडत नाही. म्हणून 'टाइप बी' आरसीडी (त्याच कामाचा स्विच) लागते, किंवा 'टाइप ए' सोबत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय, जी अनेक चार्जरमध्ये आतच असते. कागदावर तपासा, विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

पाणी भरू शकणाऱ्या बेसमेंटमध्ये पॅनल आणि सॉकेट पाण्याच्या संभाव्य पातळीच्या वर ठेवा. चार्जरसमोर चाकाला अडवणी द्या, कारण मागे घेताना पहिली ठोकर त्यालाच बसते. केबल चालण्याची वाट ओलांडू नये. दोन जागांच्या मधल्या खांबावर चार्जर बसवला तर गाडीचा सॉकेट पुढे असो की मागे, दोन्हींना पोहोचतो. आणि सगळ्या चार्जरची वीज एकदम तोडणारा स्विच आग विझवायला येणाऱ्यांना सापडेल अशा जागी, म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी असावा. बेसमेंटच्या आत खोलवर नको.

नियम लिहिणाऱ्यांसाठी दोन ओळी

तुम्ही नगरपालिकेत बसून असा नियम लिहीत असाल, तर टक्केवारीवरून भांडण्याआधी दोन गोष्टी घाला. एक, पाइप आणि पॅनलची जागा सगळ्या पार्किंगला, चार्जर थोड्यांना. दोन, पॉइंटमागे किलोवॅट लिहिण्याऐवजी रात्रीत किमान किती युनिट मिळाले पाहिजेत ते लिहा आणि भार नियंत्रणाला मोकळीक द्या. आणि 'रेडी'ची व्याख्या पहिल्या पानावर.

पायरी ९: कागदपत्रं आणि रात्रीची चाचणी

भोगवटा प्रमाणपत्रासाठी लागणारे कागद तुम्ही देणारच. त्यापलीकडे सोसायटीच्या हातात एक वेगळी फाइल द्या: पाइपांचा क्रमांकासह नकाशा, स्लॅबचे फोटो, भाराचं गणित, चार्जिंगसाठी राखीव ठेवलेला आकडा, भार नियंत्रकाचा पासवर्ड आणि वीज कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. घर घेणाऱ्यांनी ताबा घेताना ही फाइल मागावी. 'आहे ना सगळं, देतो नंतर' असं उत्तर आलं, तर क्रमांक घातलेल्या कोणत्याही एका पाइपातून समोरच वायर ओढून दाखवायला सांगा.

शेवटची चाचणी दिवसा घेऊ नका. संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये, लिफ्ट आणि पंप चालू असताना, मिळतील तेवढ्या गाड्या एकदम लावा. गाड्या कमी पडल्या तर भाड्याने चाचणी-भार मिळतो. मुख्य मीटरवरचा आकडा ठरवलेल्या मर्यादेत राहतोय का ते बघा. मग नियंत्रकाची नेटवर्क केबल हाताने काढा आणि घड्याळ लावून उभे राहा. मिनिटभरात करंट खाली आला पाहिजे. नाही आला, तर ठेकेदाराचं शेवटचं बिल खिशातच ठेवा.